कपाटाच्या दारावरचं चित्र

‘ताई, माझे मिस्टर ४१ वर्षांचे आहेत. सातपूरला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. लग्नाच्या आधीपासून सिगारेट ओढतात, दिवसाला आठ-दहा. पाकीट कधी घेत नाहीत, टपरीवर चहाबरोबर सुट्टी घेतात. गेल्या वर्षी त्यांच्या ओळखीतल्या एकांना घशाचा कॅन्सर झाला, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मी काळ्या पडलेल्या फुप्फुसांचे, गळ्याला भोक पाडलेल्या माणसांचे फोटो त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवते. एकाची रंगीत प्रिंट काढून त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. दोन दिवस ते गप्प होते. आता शर्ट काढताना तिकडे बघतसुद्धा नाहीत. मला त्यांनी म्यूट केलंय, हेही मला मुलाकडून कळलं. मुलगा पाचवीत आहे. थिएटरात मुकेशची जाहिरात पाहिल्यापासून तो रात्री उठून बाबांचा श्वास चालू आहे ना, ते बघतो. अशा जाहिरातींचा खरंच उपयोग होतो का? होत असेल तर माझं कुठे चुकतंय? याहून भयंकर काही दाखवू का? आणि होत नसेल तर सरकार त्या दाखवतं कशाला?’
— एक वाचक, नाशिक

नाशिकच्या मैत्रिणीस,

तुमचा प्रश्न जाहिरातींचा आहे, पण मी आधी मुलाबद्दल बोलते, कारण ते काम आज रात्रीच व्हायला हवं. दहा वर्षांचं पोर झोपेतून उठून बापाच्या छातीकडे बघत उभं राहतं. तुम्ही घरात आणलेली भीती पोचली आहे, पण ती भलत्याच माणसाकडे पोचली आहे. त्याला जवळ घ्या आणि सांगा की बाबांनी सिगारेट सोडावी म्हणून आई काहीतरी करते आहे, ते मोठ्यांचं काम आहे, तुला रात्री उठून बघायची गरज नाही. ‘बाबा मरणार का?’ असं त्याने विचारलं तर शपथा घेऊन वचन देऊ नका. सिगारेट सोडली की शरीर सावरायला लागतं, हे खरं आहे आणि त्याला समजेल असं आहे. तेवढंच सांगा. ‘आज बाबांच्या तोंडाला वास आला का रे?’ असं त्याला कधी विचारत असाल तर ते आजपासून बंद करा. आणि कपाटावरची ती प्रिंट तो शाळेत गेल्यावर काढून टाका. मिस्टरांना त्यावर काही बोलायची गरज नाही. शर्ट काढताना त्यांच्या लक्षात येईल.

आता मुकेशबद्दल. मुकेश हराणे आपल्या भुसावळचा मुलगा. २००९ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये गेला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. त्याला लागलं होतं ते गुटख्याचं व्यसन, सिगारेटचं नाही. तुमच्या मुलाला हा फरक कळत नाही, म्हणून तो घाबरला. तुमच्या मिस्टरांना तो चांगला कळतो, म्हणून ते खुर्चीत निवांत बसले असतील. ‘हे गुटखा खाणाऱ्यांचं आहे, आपलं नाही.’ ही जाहिरात लागली की थिएटरात पोरं त्याच्या आवाजाची नक्कल करून हसतात, आणि ते ऐकून मला दर वेळी पोटात तुटतं. पण त्या हसण्याकडे नीट बघायला हवं. ज्याच्या खिशात पुडी किंवा सिगारेट आहे, तो हसतो, मान वळवतो, पॉपकॉर्न आणायला उठतो. समोरचं चित्र आपल्याबद्दल नाही, हे त्याला स्वतःला पटवायचं असतं.

तरीही तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर ‘हो, उपयोग होतो’ असंच आहे. ‘अशा चित्रांनी कोणी सोडत नाही’ असं टपरीवर छातीठोकपणे सांगितलं जातं, ते खरं नाही. आपल्याकडे २०१६-१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी जवळपास ६२ टक्के लोकांनी सांगितलं की पाकिटावरचा इशारा बघून आपल्या मनात सोडायचा विचार आला. पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला हवा, हा नियम त्याच्या थोडं आधी, एप्रिल २०१६ पासून लागू झाला होता. अमेरिकेत तर सरळ प्रयोगच झाला. ओढणाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाच्या पाकिटावर चार आठवडे चित्रं चिकटवली, दुसऱ्याच्या पाकिटावर नुसता मजकूर ठेवला. चित्रवाल्या गटात ४० टक्क्यांनी सोडायचा प्रयत्न केला, मजकूरवाल्या गटात ३४ टक्क्यांनी. पण आठवडाभर तरी सिगारेटला हात न लावणारे किती? चित्रवाल्यांत ५.७ टक्के, दुसऱ्यांत ३.८ टक्के. चित्राने फरक पडला, हे नक्की. पण शंभरातले चाळीस उठून उभे राहिले आणि त्यातले सहाच आठवड्याच्या टोकाला पोचले, हेही त्याच आकड्यांत दिसतं. उरलेले चौतीस का पडले, हा माझ्या मते तुमच्या घरातला खरा प्रश्न आहे.

माझे वडील बिडी ओढायचे. बिडीच्या बंडलावर चित्रं यायला लागली, तेव्हा त्यांनी आईची जुनी अॅल्युमिनियमची साबणदाणी घेतली आणि बिड्या तीत ठेवायला लागले. रोज सकाळी अंगणात बंडल फोडायचे, बिड्या एकेक करून साबणदाणीत रचायचे आणि वरचा कागद चुलीत टाकायचे. आम्ही भावंडं म्हणायचो, बघा, अण्णांना चित्राचं काहीच वाटत नाही. पुढे व्यसनमुक्तीच्या कामात आले तेव्हा कळलं की आमचं वाचन साफ उलटं होतं. ज्याला काहीच वाटत नाही, तो कागद कशाला जाळेल? कॅनडाने जगात सर्वांत आधी, २००१ च्या सुमारास, पाकिटांवर अशी चित्रं आणली. तिथे ओढणाऱ्यांना काही महिन्यांनी पुन्हा गाठून विचारलं, तर जे चित्र झाकत होते, पाकीट बदलत होते, ते सोडण्याच्या प्रयत्नांत इतरांपेक्षा मागे नव्हते. म्हणजे तुमचे मिस्टर कपाटाकडे बघत नाहीत, यावरून त्यांना काही वाटत नाही असं समजू नका. ते दोन दिवस गप्प होते, हे तुम्हीच लिहिलं आहे. त्या दोन दिवसांत त्यांना हाताशी धरायला हवं होतं. तुम्ही तेव्हा तिसरा फोटो पाठवलात.

यात तुमचा दोष नाही, मीही घरात हेच केलं आहे. पण भीतीचं असं आहे, माणूस घाबरला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. धोक्याचं काहीतरी करायचं, नाहीतर भीतीचं काहीतरी करायचं. धोक्याचं काय करायचं हे ठाऊक असेल आणि ते आपल्याला जमेल असं वाटत असेल, तर माणूस पहिली वाट धरतो. जमणार नाही असं वाटलं की दुसरी धरतो. नजर फिरवतो, म्यूट करतो, ‘माझे आजोबा नव्वद वर्षं ओढत होते’ म्हणतो. आणि सिगारेट ओढणाऱ्याचं एक जास्तीचं दुखणं आहे. जीव घाबरा झाला की शांत व्हायची त्याची रोजची रीत म्हणजे सिगारेटच. मेंदूपर्यंत निकोटिन पोचायला दहा-वीस सेकंदं लागतात. तुमचा फोटो बघून त्यांच्या छातीत धडधडलं असेल तर पाच मिनिटांत ते टपरीवर उभे असण्याची शक्यता फार मोठी.

त्यातून फोटो बायकोने पाठवलेला. पाकिटावरचं चित्र कोणा एकाला उद्देशून नसतं, ते बघून माणूस स्वतःशी काहीतरी बोलतो. तेच चित्र घरच्या माणसाने नाकासमोर धरलं की त्याचं भांडण होतं, आणि मग प्रश्न फुप्फुसाचा राहत नाही, ‘तू मला शिकवणार का’ एवढाच उरतो.

मग काय करायचं? १९६५ मध्ये येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटासा अभ्यास केला होता. तो मी गेली कित्येक वर्षं येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सांगते. विद्यार्थ्यांना धनुर्वाताबद्दल माहिती दिली. काहींना अंगावर काटा येईल अशी, काहींना सौम्य. लस घ्यायला हवी हे दोघांनाही पटलं, पण नुसतं पटून गेलेल्यांपैकी लस घेतली जेमतेम ३ टक्क्यांनी. मग काहींना त्याच माहितीबरोबर एक नकाशा दिला. दवाखाना कुठे आहे, तुमच्या रोजच्या जाण्या-येण्याच्या वाटेत तिथे कधी वळता येईल, हे ठरवून घ्यायला सांगितलं. त्यांच्यातल्या साधारण २८ टक्क्यांनी लस घेतली. दवाखाना काही नवा नव्हता, शेवटच्या वर्षाच्या मुलांना तो ठाऊकही होता. आणि धोक्याबद्दल काही न सांगता नुसता नकाशा दिला, तर त्याचाही उपयोग झाला नाही. भीती थोडी लागलीच, पण ती जास्त होती की कमी, याने शेवटी फरक पडला नाही. ‘अजून भयंकर काही दाखवू का?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. दाखवू नका. नकाशा द्या.

अमेरिकेने २०१२ मध्ये जी मोठी जाहिरात मोहीम केली, तिथेही हेच दिसलं. टेरी हॉल नावाची एक बाई कॅमेऱ्यासमोर सकाळची तयारी करते. कवळी बसवते, डोक्याला विग लावते, गळ्यातल्या छिद्रात बोलायचं उपकरण घालते आणि वरून स्कार्फ बांधते. दुसऱ्या वर्षी ती वारली. त्या मोहिमेनंतर अंदाजे १६ लाखांहून जास्त लोकांनी सोडायचा प्रयत्न केला, आणि लाखभर कायमचे सुटले. जाहिरातीत मदतीचा फोन नंबर होता. मोहीम चालू असताना त्या नंबरवरचे फोन दुपटीहून जास्त झाले. टेरीचा चेहरा बघून लोकांनी लगेच काहीतरी करण्याजोगं हातात घेतलं.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडे येते. ‘सुट्टी.’ आपल्याकडच्या पाकिटावरही २०१८ पासून चित्राखाली नंबर छापतात, १८००-११-२३५६. फुकट आहे, तंबाखू सोडायला मदत करणारी माणसं पलीकडे असतात, ती पुढे पुन्हा फोन करून विचारपूसही करतात. पण तुमचे मिस्टर पाकीट घेतच नाहीत. टपरीवाला मागच्या पाकिटातून एक काढून देतो, दोरीला टांगलेल्या लायटरवर ती पेटते, आणि चित्र राहतं टपरीवाल्याकडे. नंबरही त्याच्याकडेच राहतो. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली, त्यामागचं एक कारण हेच होतं. बंदी कागदावर आहे आणि कटिंगबरोबर सुट्टी मिळते आहे, हे आपण दोघी जाणतो. मला याचा मनापासून राग येतो. सरकारची जाहिरात कशाला, असं तुम्ही विचारता. जाहिरात हवीच, पण अठरा वर्षांचं पोर ज्या दारातून या व्यसनात शिरतं ते सुट्टीचं दार बंद केलं, तर त्या जाहिरातीला जोर येईल.

तर हा नंबर तुम्ही लिहून घ्या. त्यांना पाठवू नका अजून.

रविवारी दुपारी, मुलगा खेळायला गेला की, त्यांच्याशी एकदाच बोला. सुरुवात अशी करा: ‘मी ते फोटो लावले, पाठवले, ते माझं चुकलं. मी घाबरले होते.’ यानंतर ते काहीतरी बोलतील. बोलू द्या. मग एकच गोष्ट विचारा: ‘सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते?’ दिवसाला किती, हे विचारू नका, त्याचं उत्तर कोणीच खरं देत नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीर निकोटिनला घट्ट बांधलं गेलं आहे. मग नुसत्या निर्धाराच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांकडे जा. निकोटिनची गोळी चघळायची, पॅच लावायचा की दुसरं औषध घ्यायचं, ते डॉक्टर ठरवतील. चघळायची गोळी, म्हणजे निकोटिन गम, घेतली तर ती साध्या च्युइंगगमसारखी चावत राहायची नसते. दोन-चारदा चावायची, तिखटसर लागलं की गालात ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं तरी घ्यायची नाही, नाहीतर तिचा असर होत नाही. ‘मी गोळी खाऊन पाहिली, काही झालं नाही’ म्हणणारे निम्मे लोक ती चहाबरोबर खात असतात, असं मला माझ्यासमोर बसलेल्या माणसांवरून वाटतं.

सकाळची सिगारेट ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही, असंही ते कदाचित म्हणतील. आपल्याकडच्या बहुतेक पुरुषांचं पहिलं कारण हेच असतं, आणि ते बहाणा म्हणून उडवून लावू नका. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होतं, ते खरं आहे. रात्री इसबगोल, सकाळी दोन ग्लास कोमट पाणी, जेवणात भाजी-काकडी. महिन्याभरात बहुतेकांचं रुळावर येतं.

मग तारीख. येत्या दोन आठवड्यांतली, त्यांनी स्वतः निवडलेली. अण्णांना डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘कधी सोडताय?’ अण्णा म्हणाले, ‘बघू, दिवाळीनंतर.’ डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला आणि पेन उघडून विचारलं, ‘दिवाळीनंतर कोणती तारीख?’ अण्णा गप्प बसले, भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, ‘तुळशीच्या लग्नादिवशी.’ डॉक्टरांनी लिहिलं. त्या दिवशी सुटली नाही, चौथ्या खेपेला सुटली. पण चारही खेपांना त्यांनी तारीख ठरवली होती.

नकाशाही त्यांनीच काढायचा. चहाच्या वेळी टपरीवर गेलं की हात आपोआप पुढे होतो, तर पहिले पंधरा दिवस चहा कुठे प्यायचा? बरोबरच्या कोणाला सांगून ठेवायचं? संध्याकाळी घरी येताना गाडी कुठल्या रस्त्याने आणायची? ओढायची तल्लफ काही मिनिटांची असते, तेवढ्या वेळात हाताने आणि तोंडाने काय करायचं? बडीशेप चालेल, लवंग चालेल, चक्कर मारणं चालेल. तंबाखू मळणं चालणार नाही. आपल्या महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त आहेत, २०१६-१७ च्या त्या सर्वेक्षणात सहापटीहून जास्त खाणारे होते. सिगारेट सुटली आणि चुन्याची डबी आली, अशी घरं मी खूप पाहिली आहेत. ती सुटका नव्हे, हे आधीच ठरवून घ्या. नंबर त्यांना द्यायचा तो या वेळी.

पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण. चिडतील, झोप लागणार नाही, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतील. ती चिडचिड तुमच्यावरची नाही, पण तुमच्यावर निघेल, आणि मुलालाही हे आधी सांगून ठेवा. तीन-चार आठवड्यांत ती बरीचशी ओसरते. मध्येच कधी एखादी ओढली आणि तुम्हाला वास आला, तर ‘मला माहीतच होतं’ हे शब्द गिळा. ‘कुठे ओढली, काय झालं होतं?’ एवढं विचारा, म्हणजे नकाशात ती जागा धरता येईल.

आणि त्यांना काही दाखवायचंच असेल, तर ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास सांगा. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो डॉक्टरांच्या आयुष्याचा पन्नास वर्षं माग ठेवला. आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीला सोडली त्यांना त्यातली सुमारे तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीला सोडली त्यांना सहा, चाळिशीला सोडली त्यांना नऊ. अण्णांनी साठीच्या उंबरठ्यावर सोडली. तुमचे मिस्टर ४१ चे आहेत. हा आकडा सांगताना आवाज चढवू नका, कागदावर लिहून दिलात तरी चालेल.

तारीख ठरली की मुलाला ती बाबांनीच सांगायची, तुम्ही नाही. त्या दिवशी दोघांना गोदाकाठी फिरायला पाठवा, सायकल असेल तर सायकलने. आणि मला कळवा, कोणती तारीख ठरली ते.